पाय काढण्यापूर्वी



घरातल्या कुत्र्याचा एक पाय समूळ काढून टाकावा लागेल असे पशुवैद्याने सांगितले, म्हणजे ऐकणारी मंडळी प्रथम जो प्रश्न विचारतात तो बहुधा वेदनेविषयी नसतो आणि खर्चाविषयीही नसतो. ‘मग तो दिसेल कसा?’ हा तो प्रश्न असतो, किंवा थोड्या निराळ्या शब्दांत, ‘त्याला काय वाटेल?’ या व्यवसायात माझे आयुष्य गेले असल्यामुळे दवाखान्याच्या बाकावर हा प्रश्न मी वारंवार ऐकला आहे, आणि विचारणाऱ्यांविषयी माझ्या मनात अनादर नाही. परंतु शस्त्रक्रियेची तारीख मुक्रर झाल्यापासून ती पार पडेपर्यंत जे थोडे दिवस हाती असतात, ते या प्रश्नाच्या चिंतनात गेले तर करावयाची ती तयारी तशीच राहून जाते. ही तयारी कुत्र्याची थोडी आणि घराची व घरातल्या माणसांची फार, असे माझे मत आहे.

हा प्रसंग ओढवतो तो मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण रस्त्यावरचा अपघात. मोटारीच्या चाकाखाली हाडाचा चुरा झालेला सर्वांनाच दिसतो. पण पुढचा पाय अंगापासून जोराने ओढला गेला असता पाठीच्या कण्यातून त्या पायाकडे जाणारे मज्जातंतू मुळापासून उखडले जातात, ते वरून दिसत नाही. हाड शाबूत, कातडी शाबूत, आणि तरीही पाय लुळा पडून पंजाची वरची बाजू जमिनीवर घासत राहते, तिथे जखमा होतात, त्या चिघळतात, आणि असे उखडलेले तंतू पुन्हा जुळत नसल्यामुळे तो पाय हे त्या प्राण्याच्या अंगावरचे नुसते ओझे होऊन बसते. दुसरे कारण हाडाचा कर्करोग. ऑस्टिओसार्कोमा या नावाचा हा रोग रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा थोराड चणीच्या कुत्र्यांत विशेष आढळतो. पुढच्या पायात मनगटाच्या किंचित वर किंवा खांद्याशी, आणि मागच्या पायात बहुधा गुडघ्याच्या आसपास तो ठाण मांडतो. आरंभी कुत्रे थोडे लंगडते, पाय मुरगळला असेल म्हणून घरी हळदीचा लेप होतो, चार दिवस बरे वाटते, पुन्हा लंगडते, आणि मग एखाद्या दिवशी कोचावरून साधी उडी मारताना आतून पोखरलेले ते हाड काडकन मोडते.

आता ‘त्याला काय वाटेल’ याचे उत्तर. कुत्र्याच्या अंगाचा भार चार पायांवर सारखा वाटलेला नसतो. सुमारे ६० टक्के पुढच्या दोन पायांवर आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर पडतो. म्हणून मागचा पाय गेलेले कुत्रे लवकर सावरते, पुढचा गेलेल्याला अधिक काळ लागतो आणि चालताना पावलागणिक त्याचे डोके खालीवर होत राहते. मात्र दुखरा पाय उचलून धरून ते कित्येक आठवडे तीन पायांवरच वावरत आलेले असते, त्यामुळे हा सराव त्याला नवा नसतो. बहुतेक कुत्री शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत आपली आपण उभी राहतात. २०१५ साली अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या नियतकालिकात पाय काढलेल्या ६४ कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत ५८ मालकांनी आपल्या कुत्र्याच्या स्वभावात काही फरक पडला नाही असे सांगितले, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर हाच निर्णय घेऊ असे ५५ जण म्हणाले. आरशासमोर उभे राहून खंत करणे हा मनुष्याचा धर्म आहे. तो आपण कुत्र्यावर लादू नये.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप निराळा असतो. एक आजीबाई मला म्हणाल्या, “अहो डॉक्टर, दत्ताच्या पायाशी बसणारं जनावर ते, त्याला अपंग करण्याचं पाप कशाला घेता?” मी वाद घातला नाही, ते रात्री किती वाजता विव्हळू लागते, एवढेच विचारले. ती वेळ त्यांना तोंडपाठ होती, कारण ते निजत असे त्यांच्याच खाटेखाली. दुसऱ्या दिवशी संमतिपत्रावर सही करण्यास मुलाबरोबर त्या स्वतः हजर होत्या.

तथापि संमती देण्यापूर्वी काही गोष्टी पशुवैद्याकडून स्पष्ट वदवून घेतल्या पाहिजेत, आणि त्या सांगताना आम्ही पशुवैद्यही कधीकधी अनाठायी दयेपोटी गुळमुळीत बोलतो, हे कबूल करावयास हवे. अपघातात पाय गमावलेले निरोगी कुत्रे आपले सारे आयुष्य सुखाने जगते; कर्करोगाचा मामला तसा नाही. ज्या वेळी निदान होते त्या वेळीच दहांपैकी सुमारे नऊ कुत्र्यांत रोगाच्या सूक्ष्म पेशी अन्यत्र, विशेषतः फुप्फुसांत, पोहोचलेल्या असतात, मग त्या क्ष-किरण चित्रात दिसोत वा न दिसोत. पाय काढून पुढे काहीच उपचार केला नाही तर निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांच्या आत दगावतात. कार्बोप्लॅटिनसारखे औषध दर तीन आठवड्यांनी चार ते सहा वेळा शिरेवाटे दिले तर ही मुदत दहा महिने ते वर्षापर्यंत लांबते. म्हणजे या रोगात पाय काढण्याचे प्रयोजन मुख्यतः असह्य वेदनेचे मूळ दूर करणे एवढेच असते, आणि माझ्या मते तेवढे प्रयोजन पुरेसे आहे. पण छातीच्या चित्रात आधीच गाठी दिसत असतील, उरलेल्या पायांचे सांधे झिजलेले असतील, खुब्यात जन्मजात दोष असेल किंवा मागील अंगात मज्जातंतूंची दुर्बलता असेल, तर शस्त्रक्रियेला नकार देणे हेच कर्तव्य ठरू शकते. म्हणून आजारी पायाइतकीच, किंबहुना अधिक काळजीने, उरलेल्या तीन पायांची तपासणी करा असा आग्रह मालकाने धरावा. तिवई कधी डगमगत नाही असे सांगून कित्येकजण स्वतःचे समाधान करून घेतात. पण तिवईला जिना चढावा लागत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांत रक्ताची तपासणी प्रमुख. यकृत आणि मूत्रपिंडे भूल सोसतील की नाही हे तीवरून कळतेच. पण आपल्या देशात आणखी एका कारणासाठी तिचे महत्त्व आहे. गोचिडांमुळे येणारा ताप आपल्याकडे सर्रास आढळतो, कुत्रे वरून धडधाकट दिसत असतानाही तो अंगात मुरलेला असतो, आणि त्याने रक्तातील प्लेटलेटची संख्या खाली येते. अशा कुत्र्यावर शस्त्र चालवले तर रक्तस्राव आवरणे कठीण जाते. तेव्हा आधी त्या तापाचा बंदोबस्त, मग शस्त्रक्रिया, हा क्रम. रक्त द्यावे लागण्याचा संभव असल्यास शेजारपाजारचे एखादे मोठे, निरोगी आणि लसी पूर्ण झालेले कुत्रे आधीच पाहून ठेवावे, कारण कुत्र्यांच्या रक्तपेढ्या आपल्याकडे अद्याप विरळा आहेत.

दुखते म्हणून घरातल्या माणसांच्या डब्यातील आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कुत्र्याला देण्याचा मोह अनेकांना होतो. या गोळ्यांनी त्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि मग शस्त्रक्रियाच तहकूब करण्याची पाळी येते. अशी गोळी दिलीच गेली असेल तर ती लपवू नये. तीच गोष्ट उपासाची. पोटात अन्न असताना भूल दिल्यास उलटी होऊन ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो, म्हणून आदल्या रात्रीच्या जेवणानंतर अन्न वर्ज्य. पाणी मात्र डॉक्टर सांगतील त्या वेळेपर्यंत देता येते. हा नियम सर्वांना पाठ असतो, आणि पहाटे चहाबरोबर आजोबा एक ग्लुकोजचे बिस्किट हळूच खाली टाकतात! अशा आजोबांना त्या दिवशी फिरावयास लवकर धाडावे.

किती भाग काढला जाणार, हेही आधी समजून घ्यावे. मालकाची अपेक्षा असते की रोग मनगटाशी आहे तर कोपरापर्यंतचा पाय राहील. परंतु अर्धवट उरलेला थोटा पाय कुत्रे टेकवू पाहते, तो सारखा आपटतो आणि त्याला जखमा होतात. म्हणून पुढचा पाय बहुधा खांद्याच्या पात्यासकट, आणि मागचा मांडीच्या वरच्या भागातून किंवा थेट खुब्यातून काढतात. शस्त्रक्रियेनंतर कुत्रे प्रथम दृष्टीस पडते तेव्हा त्याच्या अर्ध्या अंगावरचे केस भादरलेले असतात, टाक्यांची लांब रेघ असते, भोवती सूज आणि निळेजांभळे डाग असतात. घरातल्या मुलांना हे वर्णन आधीच सांगून ठेवावे. न सांगता ते दृश्य दाखवणे योग्य नव्हे.

यापुढे घर. आपल्या आजच्या घरांतील चकचकीत फरशी ही तीन पायांच्या कुत्र्याची मोठी वैरीण आहे. निजण्याची जागा, पाण्याचे भांडे आणि दार या तिन्हींना जोडणारी एक वाट आखून तिच्यावर काथ्याची पायपुसणी, रबरी चटया, जुन्या सतरंज्या, जे मिळेल ते अंथरावे, आणि ते सरकू नये म्हणून खालून चिकटवावे किंवा एकमेकांना शिवून टाकावे. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त अव्वल कारकुनांनी कचेरीच्या शिस्तीने घराचा नकाशा काढला, कुत्र्याचा मार्ग तांबड्या शाईने दाखवला आणि त्या मापाने बाजारातून गोणपाट आणून अंथरले. त्यांच्या पत्नीने मात्र देवघराकडे जाणारी शाखा नामंजूर केली. पंजांच्या गाद्यांमधले वाढलेले केस कातरावेत, नखे कापून घ्यावीत. पाण्याचे भांडे छातीच्या उंचीला येईल असे पाटावर ठेवावे, विशेषतः पुढचा पाय जाणार असेल तर. पलंगावर आणि कोचावर चढण्याच्या वाटा बंद कराव्यात. पोटाखालून जुन्या लुगड्याचा पट्टा किंवा पंचा घालून मागील अंग तोलून धरण्याची सवय कुत्र्याला व स्वतःला शस्त्रक्रियेपूर्वीच करावी. भुलीतून उठलेल्या, भेदरलेल्या जनावरावर हा प्रयोग प्रथमच करणे बरे नव्हे. रजा कोणी काढावयाची हेही ठरवून ठेवावे, कारण पहिले काही दिवस कुत्र्याला एकटे सोडता येत नाही.

घरी आल्यावर पहिल्या रात्री ते बहुधा कण्हते, धापा टाकते, ओळख विसरल्यासारखे पाहते. यात वेदनेचा भाग असतो तसा भुलीच्या आणि अफूवर्गीय औषधांच्या अमलाचाही असतो, आणि त्याच औषधांमुळे दोन-तीन दिवस शौचास न झाले तर घाबरण्याचे कारण नसते. मात्र कण्हणे वाढतच गेले तर डॉक्टरांना रात्रीही उठवावे. वेदनाशामक गोळ्या कुत्रे रडू लागल्यावर न देता घड्याळ लावून द्यावयाच्या असतात. काही कुत्री मध्येच किंचाळून नसलेल्या पायाच्या जागेकडे मान वळवतात. तुटलेल्या मज्जातंतूंची ती वेदना खरी असते आणि तिच्यावर गाबापेंटिनसारखे औषध आहे. टाके सुमारे १० ते १४ दिवसांनी निघतात, तोपर्यंत गळ्यातली नसराळ्याच्या आकाराची कॉलर दया येऊन काढू नये. जखमेखाली पाणी साठून फुगवटा येतो, तो घरी दाबू वा टोचू नये. पावसाळा असेल तर माशीपासून विशेष जपावे. टाक्यांवर माशी बसून अळ्या पडल्या तर सारी मेहनत वाया जाते. आणि वजन! तीन पायांवर चारांचा भार टाकलेलाच असतो, त्यात लाडाच्या पोळ्यांची भर घालणे ही क्रूरता आहे, मग ती कितीही प्रेमाने केलेली असो.

शेवटी एक विनंती सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या चिटणीस-अध्यक्षांना करावयाची आहे. कुत्र्यांना लिफ्टमध्ये मनाई, अशी पाटी पुष्कळ इमारतींत लटकलेली असते. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव प्राण्यांना लिफ्टचा वापर नाकारू नये असे सांगितले आहे, तेव्हा ही मनाई मुळातच टिकणारी नाही. पण कायद्याचा कीस न काढता मी एवढेच म्हणतो की आपल्या इमारतीत असे एखादे कुत्रे शस्त्रक्रिया होऊन परत येणार असेल, तर ते येण्याच्या आदल्या दिवशी ती पाटी उतरवून ठेवा.