विवाहापूर्वी रक्ततपासणी : थॅलॅसेमियाविषयी दोन शब्द

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापड व्यापारी. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. तरीही मी हा विषय मागून घेतला, कारण थॅलॅसेमिया हा रक्ताचा आजार गेली ११ वर्षे आमच्या घरात आहे. माझ्या नातवाला तो आहे, आणि ही गोष्ट आम्ही आजवर समाजापासून लपवून ठेवली होती.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते अल्फा आणि बीटा या दोन प्रकारच्या प्रथिनसाखळ्यांनी बनते. बीटा साखळी तयार करणारे जनुक आई आणि वडील दोघांकडून एकेक येते. त्यांपैकी एकच सदोष असेल, तर ती व्यक्ती केवळ वाहक असते. ती रुग्ण नसते आणि सर्वसामान्य आयुष्य जगते. परंतु दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही.

आमचा नातू आठ महिन्यांचा असताना फिकट दिसू लागला. निदान झाल्यावर आम्हा सर्वांची तपासणी झाली. सूनबाई वाहक निघाली, मुलगाही वाहक निघाला आणि त्याला हा वारसा देणारा मी स्वतः वाहक निघालो. मला अनेक वर्षे 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जात होत्या. वाहकाच्या तांबड्या पेशी आकाराने लहान असतात, त्यामुळे अशी गल्लत वारंवार होते. दरम्यान, आमच्याच नात्यातील काहींनी 'मुलीकडून दोष आला' असे सूनबाईला ऐकवले होते. त्यावेळी मी गप्प राहिलो. आज या व्यासपीठावरून सांगतो : जेवढा वारसा तिच्याकडून आला, तेवढाच माझ्या घराण्याकडून आला.

या आजाराच्या संशोधनाचा इतिहास चिकाटीचा आहे. १९२५ साली अमेरिकेतील डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ डॉ. थॉमस कूली यांनी त्याचे पहिले पद्धतशीर वर्णन केले. त्या काळी अशी मुले बालपणीच दगावत. पुढे नियमित रक्त देण्याची पद्धत रूढ झाली आणि मुले वाढू लागली. परंतु नवे संकट उभे राहिले. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते, आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराजवळ जवळजवळ नाही. आम्हा हिशेबी माणसांच्या भाषेत, जमा होत राहते, खर्ची काहीच पडत नाही. हे लोह हृदय आणि यकृतात साचून घात करते. त्यावर १९६० च्या दशकात डेस्फेरिऑक्सामिन हे औषध वापरात आले. पुढे ते छोट्या पंपाने, त्वचेखालील सुईतून, रात्री कित्येक तास देण्याची पद्धत आली. त्यानंतर तोंडाने घ्यावयाची डेफेरिप्रोन आणि डेफेरासिरॉक्स ही औषधे आली. डेफेरिप्रोनला परवानगी देणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता.

आजार मुळापासून बरा करण्याचा मार्ग १९८१ साली सिएटल येथे डॉ. डोनाल थॉमस यांच्या पथकाने दाखवला. त्यांनी निरोगी भावंडाच्या अस्थिमज्जेचे रोपण केले. डॉ. थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९८६ साली थॅलॅसेमियाच्या रुग्णावर असे रोपण झाले. मात्र सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. आमच्या नातीची जुळली नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने जनुक संपादनावर आधारित पहिल्या उपचाराला मान्यता दिली. गर्भावस्थेत बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि जन्मानंतर ते बनणे जवळजवळ थांबते. रुग्णाच्याच मज्जापेशींत बदल करून ते पुन्हा सुरू करावयाचे, असे त्याचे तत्त्व आहे. बातमी वाचून आमच्या घरी त्या रात्री कोणी लवकर झोपले नाही. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. तोवर आमचा नातू दर तीन आठवड्यांनी अनोळखी रक्तदात्यांच्या भरवशावर जगतो. आपल्या शिबिरांत रक्तदान करणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडतो.

मग उपाय काय? सायप्रस या छोट्या देशात दर सात माणसांत सुमारे एक वाहक आहे. तेथे १९८३ पासून चर्चमध्ये विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक झाले आणि नव्या रुग्णांचा जन्म जवळजवळ थांबला. मात्र तेथील बहुतेक वाहक जोडप्यांनी ठरलेले विवाह मोडले नाहीत. त्यांनी गर्भपरीक्षणाचा मार्ग स्वीकारला. भारतातही ही सोय आहे. परंतु अहल रुग्ण गर्भाचे काय करावयाचे, हा प्रश्न अहिंसा मानणाऱ्या कुटुंबाला किती जाळतो, हे मी घरात पाहिले आहे. त्या प्रसंगी निर्णय घेणाऱ्या कोणत्याही मातेला दोष देण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. तो प्रसंगच येऊ नये, एवढेच मागतो.

त्यासाठी आयुष्यात एकदा हिमोग्लोबिन ए-टू ही तपासणी करावी. हे प्रमाण सामान्यतः ३.५ टक्क्यांहून अधिक असल्यास व्यक्ती वाहक असण्याची दाट शक्यता असते. अंतिम निष्कर्ष तज्ज्ञांनी काढावा. खर्च लग्नातील एका साधारण साडीहूनही कमी. माझ्या मुलाच्या विवाहात ३६ पैकी २८ गुण जुळले होते; हा एक गुण आम्ही पाहिलाच नाही.

विश्वस्त मंडळास माझी दोन नम्र निवेदने आहेत. वधू-वर परिचय पत्रकात रक्ततपासणीचा रकाना असावा, आणि वर्षातून एकदा तरुणांसाठी तपासणी शिबिर व्हावे. पहिल्या शिबिराचा खर्च मी उचलीन. आणि तरुण मित्रहो, 'वाहक' हा शब्द कोणाच्या नावापुढे दिसला, तर ते स्थळ नाकारू नका. वाहकाने वाहकाशी विवाह टाळावा, एवढेच शास्त्र सांगते. बाकी सर्व स्थळे त्याला मोकळी आहेत.

त्या रकान्यात पहिले नाव आमच्या घराचे लिहा.