भौतिकोपचाराची पदवी आणि वावरची वाट

बारावीचे व प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले कीं शहरांतील सुशिक्षित घरांतून एक ठराविक संभाषण ऐकूं येतें. "गुण थोडे कमी पडले, वैद्यकीला जागा मिळणें कठीण दिसतें. मग फिजिओथेरपीचा अर्ज तरी भरून ठेवावा." या 'तरी' शब्दांत पालकांची निराशा असते, मुलाची खिन्नता असते, आणि एका अत्यंत उपयुक्त विद्येविषयींचें अज्ञानहि असतें. जी विद्या पक्षाघातानें अंथरुणास खिळलेल्या माणसास पुन्हा उभें करते, ती जणूं दुसरीकडून परत फिरलेल्यांची धर्मशाळा आहे, असा समज या एका शब्दानें रूढ केला आहे. या पदवीला प्रवेश कसा मिळतो व तो कोणास मिळावा, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे. मात्र तो शहराच्या बाजूनें न करतां पालघर जिल्ह्यांतील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतल्या वावर या गांवच्या बाजूनें करावयाचा आहे. कारण एखाद्या दारापर्यंतची वाट किती लांब आहे, हें लांबून येणाऱ्याकडूनच नीट समजतें.

प्रथम ही विद्या कोणती, हें पाहणें अवश्य आहे. भौतिकोपचार म्हणजे नुसतें अंग चोळणें नव्हे. व्यायाम, हातांनीं करावयाचे उपचार, उष्णता व वीज यांच्या साहाय्यानें स्नायूंस बळ व सांध्यांस हालचाल परत मिळवून देणें, हें तिचें कार्य होय. १८१३ सालीं स्टॉकहोम येथें पेअर हेन्रिक लिंग यांनीं व्यायामाचें शिक्षण देणारी संस्था काढली. पुढें १८९४ सालीं इंग्लंडांत चार परिचारिकांनीं एकत्र येऊन या कामाची पहिली संघटना बांधली. आपल्याकडे या विद्येचें पाऊल पडलें तें एका संकटाच्या मागोमाग. मुंबईंत पोलिओची साथ आली आणि शेंकडों लहान मुलांचे पाय लुळे पडले. साथ ओसरली, पण मुलांना पुन्हा चालतें करणारीं शिकलेलीं माणसें कोठें होतीं? तेव्हां १९५० नंतर दोन-तीन वर्षांतच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचाराचें विद्यालय सुरू झालें. १९५५ सालीं या शास्त्राच्या भारतीय जाणकारांनीं आपली संस्था स्थापन केली. २०१४ सालीं भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. परंतु त्या निमित्तानें आलेली विद्या मात्र राहिली, आणि आज तिची पदवी महाराष्ट्रांत १९९८ सालीं नाशिक येथें स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते. चार वर्षांचा अभ्यास व त्यानंतर रुग्णालयांतील आंतरवासिता, असें तिचें स्वरूप रूढ झालें.

आतां वावरकडे वळूं. जव्हार हें एके काळीं मुकणे घराण्याचें संस्थान होतें. तें १९४८ सालीं विलीन झालें. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा जमातींची ही वस्ती. उतारावर नागली व वरई, सखल जागीं भात. आणि दिवाळी उलटली कीं पुष्कळ कुटुंबें वीटभट्ट्यांच्या कामास भिवंडी-वसईकडे उतरतात. पावसाळ्यांत येथें धो धो पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यांत त्याच गांवच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठीं डोंगर चढत-उतरत असतात. १९९२ सालीं वावर-वांगणी भागांत कुपोषणानें झालेल्या बालमृत्यूंमुळें हें नांव महाराष्ट्रभर झालें. त्या वेळीं अन्न व औषध यांची चर्चा झाली, व ती होणें योग्यच होतें. परंतु जीं मुलें कुपोषणांतून वांचतात, त्यांतील कित्येक उशिरां बसतात, उशिरां उभीं राहतात, उशिरां चालतात. त्यांची चर्चा सहसा होत नाहीं. झाडावरून पडून मोडलेला पाय प्लास्टरांत जोडला जातो. पण प्लास्टर काढल्यावर आखडलेला गुडघा कोणी मोकळा करावयाचा? मानेवर वर्षानुवर्षें पडलेल्या हंड्याच्या भाराचें दुखणें कोणाकडे घेऊन जावयाचें? जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. परंतु भौतिकोपचार हा एका दिवसाचा उपचार नव्हे. तो आठवडेच्या आठवडे चालवावा लागतो, आणि ज्याची मजुरी रोजची आहे त्यास रोज एवढी वाट तुडवणें परवडत नाहीं. अशा ठिकाणीं जाणता उपचारक पाड्यापर्यंत गेला पाहिजे.

येथें या विद्येचें एक मर्म ध्यानांत येतें. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा गुडघा सुमारें ९० अंशांत वाकला तरी त्याचें बरेंचसें भागतें. चुलीपुढें उकिडवें बसणाऱ्या बाईचा गुडघा त्याहून पुष्कळ अधिक वाकावा लागतो. आणि भाताची आवणी करणारीस तर दिवसभर कमरेंत वाकून चिखलांत उभें राहावें लागतें. रोगी बरा झाला कीं नाहीं, हें त्याला घरीं जाऊन काय करावयाचें आहे यावर ठरतें. हें ज्यास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं, अशी मुलगी वावरला आहे. तिनें आईची कंबर धरलेली पाहिली आहे. पाड्यावरची भाषा तिच्या ओठांवर आहे. तिच्या हातीं ही पदवी पडली, तर तिचा उपयोग किती होईल हें सांगणें नलगे.

मग ती या दारापर्यंत पोहोंचते कां नाहीं? बुद्धि कमी म्हणून, असें उत्तर कित्येक जण देतील. परंतु वाटेचे टप्पे एकेक करून पाहिले म्हणजे निराळेंच उत्तर मिळतें.

पहिला टप्पा परीक्षेचा. महाराष्ट्रांत या पदवीचे प्रवेश 'नीट' नांवाच्या राष्ट्रीय परीक्षेंतील गुणानुक्रमानें होतात. १८० प्रश्न, ७२० गुण, वेळ तीन तास. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५, आणि जीवशास्त्र ९०, अशी प्रश्नांची वांटणी असते. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकल्यास एक गुण वजा होतो. म्हणून ठाऊक नसलेल्या प्रश्नास धाडसानें हात घालूं नये, हा पहिला धडा. निम्मे गुण जीवशास्त्राचे आहेत. तेव्हां ज्या ठिकाणीं भौतिकशास्त्राचें अध्यापन पुरेसें होत नाहीं, तेथील विद्यार्थ्यानें जीवशास्त्राचें क्रमिक पुस्तक ओळन् ओळ तयार करावें, हा दुसरा. प्रश्नपत्रिका मराठींतहि मिळते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. परंतु पुढील सारें शिक्षण इंग्रजींत असल्यामुळें शास्त्रीय शब्द दोन्ही भाषांत पाठ असणें श्रेयस्कर. अलीकडे ही परीक्षा मे महिन्यांतील रविवारीं दुपारीं दोनला सुरू होत आली आहे व दीड वाजतां फाटक बंद होत आलें आहे. शहरांतील मूल वडिलांच्या मोटारींतून अर्धा तास आधीं पोहोंचतें. डोंगरांतील मुलीस सकाळची एस. टी. चुकली, तर दोन वर्षांचा अभ्यास फाटकाबाहेर राहतो. तेव्हां आदल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय करणें हाहि तिच्या अभ्यासाचाच एक भाग समजला पाहिजे.

दुसरा टप्पा कागदांचा, आणि तो परीक्षेहून कठीण आहे. राज्यांतील प्रवेशांत अनुसूचित जमातींसाठीं ७ टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. त्या जागेवर हक्क सांगण्यास जमातीचा नुसता दाखला पुरत नाहीं. तपासणी समितीनें दिलेलें वैधता प्रमाणपत्र लागतें. खोट्या दाखल्यांनीं खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या जाऊं नयेत म्हणून ही तपासणी आहे, आणि हेतु योग्यच आहे. परंतु समितीपुढें सर्वांत अधिक वजन असतें तें जुन्या कागदास. अनुसूचित जमातींविषयींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा; त्यापूर्वीच्या काळांतील आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या किंवा जमिनीच्या नोंदीस मोठा मान. आतां ज्या पणजोबानें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, त्याची शाळेंत नोंद कोठून सांपडणार? अशा वेळीं वडिलांकडील एखाद्या रक्ताच्या नातलगास पूर्वीं मिळालेलें वैधता प्रमाणपत्र फार उपयोगी पडतें. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि ठाकूर जमातीच्या प्रकरणांत जुन्या कागदांचें व अशा प्रमाणपत्रांचें महत्त्व स्पष्ट केलें. चालीरीतींची परीक्षा हीच एकमेव कसोटी नव्हे, असें सांगितलें. चुलत्याच्या पेटींत पडलेला तो कागद शोधावयास मात्र वेळ लागतो. म्हणून हा अर्ज विद्यार्थी अकरावी विज्ञानांत असतांनाच विद्यालयामार्फत जावा. निकालानंतर धांवाधांव करणाऱ्याच्या हातीं गुण असतात, कागद नसतो, आणि जागा दुसऱ्याकडे जाते. अधिवासाचा व उत्पन्नाचा दाखला यांचेंहि तसेंच. घरचीं माणसें भट्टीवर निघून जाण्यापूर्वीं, म्हणजे दिवाळीच्या आंत, सह्या व अंगठे होऊन गेलेले बरे.

तिसरा टप्पा पसंतीक्रमाचा. गुणांची यादी लागल्यावर उमेदवारानें महाविद्यालयांचा क्रम लावून द्यावयाचा असतो, आणि फेरी-फेरीनें जागा वांटल्या जातात. मुंबईंतील महापालिकेच्या रुग्णालयांशीं जोडलेलीं विद्यालयें व सरकारी संस्था यांतील जागा मोजक्या, शुल्क कमी, आणि रोग्यांचा अनुभव विपुल. म्हणून चढाओढ तेथें अधिक. येथें एक चूक वारंवार होते. "हें मिळणार नाहींच" असें समजून मुलें उत्तम संस्था यादींत खालीं घालतात, किंवा घालतच नाहींत. वस्तुतः क्रम आपल्या आवडीचाच लावावा; वरची जागा न मिळाल्यास खालच्या जागेवरील हक्क जात नाहीं. ज्यांना आर्थिक अडचण आहे त्यांनीं शिष्यवृत्ति, आदिवासी विभागाचीं वसतिगृहें, व वसतिगृह न मिळालेल्यांसाठीं असलेली स्वयं योजना यांची चौकशी आधींच करून ठेवावी. कारण खाजगी महाविद्यालयाच्या शुल्काचा आंकडा ऐकूनच कित्येक बाप मुलीला यादींतून मागें घेतात. जागा मिळाल्यावर मूळ कागदांसह ठराविक मुदतींत हजर व्हावें लागतें. आणि ही मुदत बहुधा पावसाळ्यांत येते, जेव्हां डोंगरांतील दूरध्वनीला सूर सांपडत नाहीं व निरोप दोन दिवसांनीं पोहोंचतो.

हे तीन टप्पे पाहिले म्हणजे ध्यानांत येतें कीं, यांतील पहिलाच काय तो बुद्धीचा आहे. उरलेले दोन वेळेवर मिळालेल्या माहितीचे आहेत. शहरांतील मुलास ती घरच्या जेवणाच्या ताटावर मिळते. कोणाचा मामा डॉक्टर असतो, कोणाची शेजारीण प्राध्यापक असते. वावरच्या मुलीच्या घरीं ती सांगणारें कोणी नसतें. तेव्हां गुणांच्या यादींत ती शहरांतील मुलाच्या मागें उभी दिसली, तर सारें अंतर बुद्धीचें आहे असें मानणें हा अन्याय होईल.

आणि येथें त्या आरंभीच्या 'तरी' शब्दाकडे पुन्हा यावें लागतें. ज्याचें मन या विद्येंत नाहीं असा मुलगा 'तरी' म्हणून जागा अडवतो, पुढील वर्षीं पुन्हा वैद्यकीची परीक्षा देतो, आणि जागा टाकून निघून जातो. फेऱ्या संपल्यावर सुटलेली अशी जागा बहुधा मोकळीच राहते. ती कोणाची तरी होती. कदाचित् तीच जागा कोणा मुलीस पुढच्या एस. टी.नें मुंबईस घेऊन आली असती. आपल्या पाल्यास या विद्येची खरी गोडी आहे काय, हें घरांतील वडील माणसांनीं अर्ज भरण्यापूर्वीं शांतपणें विचारावें. एखाद्या रुग्णालयांतील भौतिकोपचार विभागांत त्याला एक सकाळ बसवावें. पक्षाघात झालेला रोगी त्याच साध्या हालचालीचा पन्नास वेळां प्रयत्न करतो, आणि उपचारक एकावन्नाव्या वेळींहि न कंटाळतां त्याचा हात धरतो, हें त्यानें पाहावें. तें पाहून ज्याला कंटाळा आला त्यानें दुसरी वाट धरावी. ज्याचे डोळे त्या रोग्याच्या बोटांवर खिळून राहिले, त्यानें हाच अर्ज पहिल्या पसंतीनें भरावा, व 'तरी' हा शब्द खोडून टाकावा.

शहरांतील सुशिक्षितांना आणखीहि एक गोष्ट करतां येण्याजोगी आहे, आणि तीस खर्च लागत नाहीं. आपल्या मुलासाठीं जमविलेली माहिती, म्हणजे कोणता कागद, कोणत्या कचेरींतून, कोणत्या महिन्यांत, ही एका कागदावर स्वच्छ मराठींत उतरून काढावी, व आपल्या ओळखीच्या एखाद्या आश्रमशाळेच्या किंवा ग्रामीण विद्यालयाच्या मुख्याध्यापकांकडे धाडावी. ती फळ्यावर लागली तर अकरावीच्या आरंभींच एखाद्या मुलीच्या दृष्टीस पडेल. त्या दिवशीं ती घरीं जाऊन चुलत्याला त्याची जुनी पेटी उघडावयास सांगेल. तिचा प्रवेश तेथूनच सुरू होतो.