आधी रस्ता, मग रूळ



या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. राजधानीत नोकरी-व्यवसाय करणाऱ्या मराठी तंत्रज्ञांनी एकत्र जमावे आणि आपल्या कामाचा विचार आपल्या भाषेत करावा, ही मला मोलाची गोष्ट वाटते. अध्यक्षाने व्यवसायाच्या सर्व अंगांचा परामर्श घ्यावा असा संकेत आहे. तो बाजूला ठेवून मी आज एकच विषय घेणार आहे: दिल्लीची वाहतूक कोंडी आणि तिच्यावरचा उपाय म्हणून पुन्हा पुन्हा पुढे येणारी लाइट रेल, म्हणजे रस्त्यावरून धावणारी हलकी रेल्वे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की लाइट रेल स्वस्त पडते ती रस्त्यावरची जागा घेते म्हणून. ती जागा मोटारींकडून काढून घ्यायची तयारी नसेल, तर लाइट रेलचे कितीही आराखडे केले तरी ते कपाटातच राहतील.

रस्त्यावरची रेल्वे या शहराला नवी नाही. दिल्लीत 1908 साली विजेची ट्राम सुरू झाली. जामा मशीद, चांदणी चौक, सदर बाजार, सब्जी मंडी या गजबजलेल्या भागांतून ती धावत असे. 1963 पर्यंत तिचा पसारा आवरला गेला. मुंबईतही तेच घडले. 1874 साली घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ट्रामने सुरू झालेले पर्व 31 मार्च 1964 रोजी संपले. ट्राम वाहतुकीला अडथळा करते, असे कारण तेव्हा दिले जाई. ट्राम गेल्या, रस्ते मोकळे झाले आणि ती मोकळी जागा खासगी वाहनांनी भरून टाकली.

त्यानंतर दिल्लीने रेल्वेचा दुसरा प्रयोग केला. 1975 मध्ये मुख्यतः मालगाड्यांसाठी सुमारे 35 किलोमीटरची रिंग रेल्वे बांधली गेली आणि 1982 च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने ती प्रवाशांसाठी सजवली गेली. रूळ होते, स्थानके होती. पण वस्तीतून स्थानकापर्यंत धड वाट नव्हती, बसची जोड नव्हती. स्पर्धा संपल्या आणि प्रवासी पांगले.

मग आली मेट्रो. कोकण रेल्वेचे अवघड काम तडीस नेलेल्या ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली 24 डिसेंबर 2002 रोजी शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा खुला झाला. वेळेत आणि अंदाजपत्रकात काम पूर्ण करण्याचा जो वस्तुपाठ तिने देशाला घालून दिला, त्याचे ऋण नागपूर, पुणे, मुंबई या सगळ्यांवर आहे. आज नोएडा-गुरुग्रामसह हे जाळे साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे गेले आहे. तरीही आश्रम, आयटीओ, धौला कुआँ या चौकांतली कोंडी सुटलेली नाही. दिल्लीतील नोंदणीकृत वाहनांचा आकडा 2018 च्या सुमारास एक कोटीच्या पलीकडे गेला होता. मेट्रोमुळे प्रवासाची सोय झाली, पण मोटार घरी ठेवण्याचे कारण सगळ्यांना मिळाले नाही. शहराच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांमधून स्थानक गाठणे हाच मोठा प्रवास होऊन बसतो आणि तो दुचाकीवर, मोटारीत किंवा ई-रिक्षात होतो.

ही फट भरून काढण्यासाठी केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने जुलै 2019 मध्ये ‘मेट्रोलाइट’ या लाइट रेलची मानके जाहीर केली. साधारण तीनशे प्रवासी नेणारी तीन डब्यांची गाडी, रस्त्याच्याच पातळीवर कुंपण घातलेला स्वतंत्र मार्ग, छोटी उघडी स्थानके, तपासणीची भव्य दारे नाहीत. गर्दीच्या वेळी तासाला एका दिशेने पंधरा हजारांपर्यंत प्रवासी जिथे आहेत, तिथे ही गाडी चालावी आणि खर्च नेहमीच्या मेट्रोच्या सुमारे 40 टक्के यावा, अशी कल्पना होती. कीर्तिनगर ते द्वारका सेक्टर 25 असा सुमारे 19 किलोमीटरचा पहिला मार्ग आखला गेला. दिल्ली मेट्रोच्या संचालक मंडळाने त्याच वर्षी त्याला मान्यता दिली. तो मार्ग कागदावरून रस्त्यावर आला नाही. रिठाला-नरेला मार्गावरही मेट्रोलाइटचा विचार झाला. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केली ती मात्र नेहमीची मेट्रो, कुंडलीपर्यंत.

असे का होते, हे समजून घ्यायला एका चौकात उभे राहू आणि साधा हिशोब करू. तीनशे माणसे मोटारींतून चौक ओलांडणार असतील आणि एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर दोनशे मोटारी झाल्या. एका मार्गिकेतून हिरव्या दिव्यावर दोन सेकंदांना एक मोटार सुटते, म्हणजे चारशे सेकंदांचा हिरवा दिवा हवा. दोन मिनिटांच्या सिग्नलमध्ये त्या दिशेला चाळीस सेकंद मिळत असतील, तर शेवटची मोटार सुटायला दहा फेऱ्या लागतील. तीच तीनशे माणसे पन्नास मीटर लांबीच्या गाडीत असतील, तर ताशी वीस किलोमीटरच्या संथ वेगानेही तीस मीटरचा चौक ती पंधरा सेकंदांत ओलांडते. पण त्या पंधरा सेकंदांसाठी गाडीला सिग्नलवर अग्रक्रम हवा आणि उरलेल्या रस्त्यावर तिची मार्गिका मोकळी हवी. तंत्रज्ञान अवघड नाही. अवघड आहे तो अग्रक्रम.

हा अग्रक्रम देऊन पाहण्याचा प्रयत्न दिल्लीने एकदा केला होता. 2008 च्या एप्रिलमध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या 5.8 किलोमीटरच्या रस्त्यावर बसला मधली मार्गिका दिली गेली. चिराग दिल्लीच्या चौकात मोटारी खोळंबू लागल्या आणि ओरड झाली. बसमार्गिका मोटारींना खुली करावी म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेले. 2012 मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. तरीही 2016 मध्ये सरकारने तो मार्ग उखडला. त्या रचनेत दोष होते: चौकांची आखणी सदोष होती, बस अपुऱ्या होत्या, मार्ग तोकडा होता. दोष दुरुस्त करता आले असते. आपण मार्गच काढून टाकला. त्याच रस्त्याच्या, म्हणजे जोसिप ब्रोझ टिटो मार्गाच्या पट्ट्यात लाजपत नगर ते साकेत जी ब्लॉक अशी सुमारे 8.4 किलोमीटरची मेट्रो मार्च 2024 मध्ये मंजूर झाली आहे. ती तीन डब्यांची आहे आणि संपूर्ण उन्नत आहे. गाडी लहान, पण खांब मोठ्या मेट्रोसारखेच, कारण खालचा रस्ता मोटारींना मोकळा ठेवायचा आहे. माझ्या म्हणण्याचा याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा सापडत नाही.

गुरुग्रामची रॅपिड मेट्रोही तीन डब्यांची आणि खांबांवरची. नोव्हेंबर 2013 मध्ये खासगी भांडवलावर ती सुरू झाली. प्रवासी अपेक्षेइतके मिळाले नाहीत, चालवणारी कंपनी अडचणीत आली आणि ऑक्टोबर 2019 मध्ये ती दिल्ली मेट्रोकडे सोपवावी लागली. आपल्या मुंबईची मोनोरेल आठवा. 2014 मध्ये सुरू झाली, 2019 मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली आणि सप्टेंबर 2025 मध्ये सुधारणांसाठी बंद ठेवावी लागली. छोटी गाडी उंच खांबांवर चढवली की खर्च मेट्रोच्या जवळ जातो आणि प्रवासी मात्र बसइतके राहतात.

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरापुढे असाच पेच होता. भुयारी स्वयंचलित मेट्रो की रस्त्यावरची ट्राम, हा 1989 च्या महापालिका निवडणुकीतला मुद्दा ठरला. ट्रामच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कॅथरीन ट्राउटमन निवडून आल्या. 1994 मध्ये ट्राम धावली आणि शहराच्या मुख्य चौकातून मोटारींची वर्दळ हद्दपार झाली. मतदारांनी रस्ता कोणाचा हे आधी ठरवले होते. इथिओपियाच्या अदिस अबाबाने 2015 मध्ये लाइट रेल सुरू केली, पण सुट्या भागांअभावी काही वर्षांतच तिथल्या बऱ्याच गाड्या उभ्या राहिल्या. बांधण्याच्या पैशाबरोबरच देखभालीचा पैसाही आधी मोजावा, हा तिथला धडा.

मग दिल्लीत लाइट रेल कुठे शोभेल? जुन्या दिल्लीच्या बोळांत नाही. द्वारका, नरेला, ग्रेटर नोएडा वेस्ट, गुरुग्रामचे नवे सेक्टर अशा ठिकाणी, जिथे रस्ते आखतानाच रुंद ठेवले गेले आणि अनेक वस्त्यांना मेट्रोचे स्थानक लांब पडते. तिथेही माझ्या तीन अटी आहेत. मार्गिका स्वतंत्र हवी आणि चौकात गाडीला पहिला मान हवा. स्थानकापर्यंत सावलीचा, अतिक्रमणमुक्त पदपथ हवा, कारण लाइट रेलचा प्रत्येक प्रवासी आधी पादचारी असतो. आणि तिकीट एकच हवे.

ही तिसरी अट किरकोळ वाटेल. ज्यांना ती तशी वाटते त्यांनी नोएडाच्या सेक्टर 51 आणि 52 या स्थानकांची गोष्ट आठवावी. 2019 च्या जानेवारीत नोएडाची ॲक्वा लाइन सुरू झाली, मार्चमध्ये दिल्लीची ब्लू लाइन वाढून तिथवर आली. दोन्ही मार्ग जवळपास एकाच वेळी बांधले जात होते, तरी दोन स्थानके एकमेकांना जोडलेली नव्हती. सामान आणि मुले सांभाळत प्रवाशांनी बाहेर पडायचे, काहीशे मीटर चालायचे आणि पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहायचे. एक मार्ग दिल्लीच्या संस्थेचा, दुसरा नोएडाच्या. प्रवाशाची वाट कोणाचीच नव्हती. राजधानी परिसराचे नियोजन एकत्र व्हावे म्हणून केलेला नियोजन मंडळाचा कायदा 1985 चा आहे. केंद्र आणि चार राज्यांच्या भागीदारीत स्थापन झालेल्या महामंडळाने ‘नमो भारत’ या जलद रेल्वेगाड्या प्रत्यक्ष धावत्या केल्या, म्हणजे एकत्र काम करणे शक्य आहे. बस, मेट्रो, लाइट रेल आणि पदपथ यांवर अधिकार असलेले एकच वाहतूक प्राधिकरण या परिसराला हवे आहे.

मित्रहो, 2021 च्या अर्थसंकल्पात नाशिकच्या रबरी चाकांच्या ‘मेट्रो निओ’साठी 2,092 कोटी रुपयांची घोषणा झाली होती. ती गाडी नाशिकमध्ये अजून धावलेली नाही. तेव्हा हा प्रश्न दिल्लीत बसून महाराष्ट्राचाही विचार करणाऱ्या आपणा सर्वांचा आहे. आपल्यापैकी अनेकजण उद्या एखाद्या प्रकल्प अहवालावर सही करतील. माझी त्यांना विनंती आहे, की अहवालात गाडीची किंमत लिहिण्याआधी रस्त्याची वाटणी लिहा: किती मीटर पायी चालणाऱ्यांना, किती सायकलला, किती सार्वजनिक वाहनाला आणि उरलेले किती मोटारीला. खांब उभारून हा प्रश्न टाळण्याचा सल्ला कोणी मागितला, तर तो देऊ नका. लोकप्रतिनिधींसमोर, नागरिकांच्या सभांमध्ये हा हिशोब मांडा आणि विरोध झाला तरी मांडत राहा. हे काम आपले आहे आणि ते आपणच करायला हवे.