दोरा ओढायला नव्हे, ऐकायला

मागच्या भागात आपण रॉड आणि रीळ यांबद्दल बोललो. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला, की जिग टाकायला दोरा कोणता घ्यावा? काहींनी अमेरिकेतले व्हिडिओ पाहून वॉलायसाठी सांगितलेला दोरा मागवलाय, तो आपल्याकडे चालेल का, असंही विचारलंय. आज तेवढ्यावरच बोलू.

वॉलाय हा आपला मासा नाही. तो तिकडच्या थंड तलावांतला, मिनेसोटा राज्याचा तर राज्यमासा. माझा पुतण्या तिथे असतो, त्याच्याकडून मला हे प्रकरण कळलं. वॉलाय अंधुक उजेडात तळाशी शिकार करतो आणि जिग अगदी हलकेच तोंडात घेतो. आपल्या बर्गी जलाशयातला पढिन, ज्याला महाराष्ट्रात शिवडा म्हणतात, तोही कमी उजेडातला शिकारी आहे. त्यामुळे तिकडची विद्या इकडे कामाला येते. फक्त आपला तळ वेगळा आहे, आणि सगळी गोची तिथेच होते.

आधी जिग म्हणजे काय ते नव्या मंडळींसाठी सांगतो. डोक्याशी शिसं ओतलेला गळ, त्यावर रबराची शेपटी. होडी थांबवायची, जिग सरळ तळाला सोडायचा, रॉडचं टोक वीतभर उचलायचं आणि पुन्हा सावकाश खाली आणायचं. मासा बहुतेकदा जिग खाली उतरत असतानाच तो घेतो. दोऱ्यावर एक बारीकशी टिचकी बसते. ती कळली तर मासा तुमचा, नाही कळली तर तो जिग थुंकून निघून जातो.

मी सिग्नल्समधला माणूस. फील्ड टेलिफोनची तार टाकताना आम्ही ती किती वजन पेलते हे नंतर बघायचो. पलीकडचं बोलणं स्पष्ट ऐकू येतंय का, हा पहिला प्रश्न. जिगच्या दोऱ्यालाही मी तोच प्रश्न विचारतो. आपण दुकानात मात्र उलटं करतो. ‘किती पौंडाचा आहे?’ एवढंच विचारून जाडा दोरा घेऊन येतो.

मला हे उशिरा समजलं, आणि त्याला कारण माझी बोटं. लडाखच्या पोस्टिंगमध्ये हिमदंशाने उजव्या हाताच्या दोन बोटांची संवेदना गेली. निवृत्तीनंतर जबलपूरला घर केलं आणि चाळीसेक किलोमीटरवरच्या बर्गीला जायला लागलो. रिळावर साधा नायलॉनचा तंगूस होता. एकदा बारा मीटर पाण्यात तासभर जिग नाचवला, काही नाही. शेवटी नावाडी म्हणाला, “साहब, दो बार खाकर गई. आपको पता नहीं चला?” त्याला दोरा हललेला दिसला होता. माझ्या हाताला काहीच कळलं नव्हतं. खरं सांगतो, त्या दिवशी वाटलं की हा छंद आता आपल्यासाठी संपला.

पुतण्याला फोनवर हे बोललो, तर त्याने विणलेल्या दोऱ्याचं एक रीळ पाठवलं, पिवळ्याधमक रंगाचं. आता या दोऱ्यांमधला फरक नीट समजून घ्या.

पहिला तंगूस, म्हणजे नायलॉन. स्वस्त, गाठ चांगली बसते, दगडावर घासला तरी बऱ्यापैकी टिकतो. पण तो ताणतो. जोर आला की मूळ लांबीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही जास्त. खोल पाण्यातली टिचकी त्या ताणातच विरून जाते. शिवाय तो पाणी शोषतो आणि उन्हाने कमजोर होतो.

दुसरा विणलेला दोरा, ज्याला ब्रेड म्हणतात. हा पॉलिएथिलीनच्या अतिशय मजबूत धाग्यांचा असतो आणि जवळजवळ ताणतच नाही. पंधरा पौंडी तंगूस साधारण ०.३५ मिलिमीटर जाड भरतो. त्याच ताकदीचा ब्रेड ०.२ च्या आतबाहेर. बारीक असल्यामुळे पाणी त्याला कमी ओढतं आणि हलका जिगही सरळ खाली जातो. घनता पाण्याहून किंचित कमी, ०.९७, म्हणून तो तरंगतो. दोष दोन : मासळीला दिसतो, आणि धारदार दगडावर लगेच कापला जातो.

तिसरा फ्लोरोकार्बन. पाण्यात कमी दिसतो, कारण प्रकाश त्यातून साधारण पाण्यासारखाच वाकतो. घनता १.७८ म्हणजे चटकन बुडतो, आणि घासण्याला दाद देत नाही. पण महाग आणि ताठ. पूर्ण रीळ भरायची गरज नाही.

ब्रेड लावला आणि माझी अडचण सुटली. पिवळा दोरा पाण्याबाहेर स्वच्छ दिसतो. तो थरथरला, बाजूला सरकला किंवा तळ यायच्या आधीच ढिला पडला, की समजायचं, मासा आहे. बोटांचं काम डोळ्यांनी घेतलं.

मग मी एक चूक केली. बर्गीच्या पाण्याखाली दीडशेहून अधिक गावांची जमीन आहे. नावाड्याचं गावही त्यातलंच. एका जागी जिग तळाला टेकला आणि खट् करून आवाज रॉडपर्यंत आला. तो म्हणाला, “पत्थर है साहब, पुराने घरों के. यहाँ ये डोर मत डालिए.” मी ऐकलं नाही. ब्रेड थेट जिगला बांधलेला होता. मासा लागला, मोठा होता, खाली धावला आणि दोरा दगडावरून गेला. क्षणात सैल. मासा कोणता ते दिसलंही नाही. तोंडात गळ आणि मागे आठ-दहा मीटर न कुजणारा दोरा घेऊन तो गेला. एखाद्या बुडालेल्या खोडाला तो दोरा गुंतला असेल, तर त्या जिवाची काय अवस्था झाली असेल! नावाडी परतीच्या वाटेवर बोललाच नाही. मासा हरल्याचं दुःख दोन दिवसांत जातं, हे अजून गेलेलं नाही.

तेव्हापासून माझी मांडणी ठरलेली आहे. लिहून घ्या.

रिळावर तळाशी थोडा तंगूस, म्हणजे ब्रेड फिरकीवर घसरत नाही. त्यावर पंधरा पौंडी ब्रेड, डोळ्यांना दिसेल अशा रंगाचा. शेवटी दीड मीटर फ्लोरोकार्बनचा लीडर, दहा ते बारा पौंडी. फ्लोरोकार्बन परवडत नसेल तर चांगला तंगूस लावा. लीडर ब्रेडपेक्षा कमजोरच हवा. तुटायची वेळ आली तर गळाजवळ तुटावं आणि माशामागे लांब दोरा जाऊ नये. दोन्ही दोरे दुहेरी युनि गाठीने जोडा आणि आवळण्यापूर्वी गाठ ओली करा, कोरडी गाठ घर्षणाने जळते. ड्रॅग लीडरच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. दर अर्ध्या तासाने लीडरवरून बोट फिरवा. खरखरीत लागला तर तेवढा कापून टाका. माझ्यासारखी बोटं असतील तर ओठांवरून फिरवा, तिथे कळतं. कापलेले तुकडे खिशात, पाण्यात नाही.

सगळं पाणी एकसारखं नसतं. तीन मीटरपेक्षा उथळ, दगड नसलेल्या जागी नुसता आठ पौंडी तंगूसही छान चालतो. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

आणखी एक. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, तो माशांच्या विणीचा काळ. इतर दिवशीही स्थानिक परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकू नका. महसीर हा आपला राज्यमासा. लागला तर पाण्यातच गळ काढून सोडून द्या. आणि नावाडी काही सांगत असेल तर ऐका. मी रँक सांभाळत बसलो आणि किंमत त्या माशाने मोजली.

पुढच्या भागात गाठी प्रत्यक्ष बांधून दाखवतो. तोवर जुना दोरा रिळावरून काढून तपासून ठेवा. जय हिंद.