जुनी पेटी, नवे पोळे
(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त सुरत येथे दिलेले भाषण)



भाषेच्या व्यासपीठावरून आज मी एका मधपेटीविषयी बोलणार आहे. माझे आजोळ महाबळेश्वर तालुक्यातले. मधमाशीपालन हा तिथला जुना जोडधंदा. याच तालुक्यातील मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मामा गेल्यावर त्यांची एक पेटी मी सुरतेला आणली. दोन वर्षे ती गच्चीवर रिकामी पडून होती.

मग शहराबाहेरच्या एका वाडीत, आंब्याच्या ढोलीत, सातेरीचे मोहोळ सापडले. सातेरी ही आपली देशी माशी. अंधाऱ्या पोकळीत ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून पेटीत नांदते. उघड्यावर एकच मोठे पोळे लावणारी आग्या माशी पेटीत नांदत नाही. परदेशांत माश्या वजनावर विकत मिळतात, राणी वेगळ्या पिंजऱ्यात येते. आपल्याकडे ढोलीतले मोहोळ उतरवून पेटीत वसवायची रीत आहे.

वाडीचे राखणदार गुजरातीत म्हणाले, “बेन, आधी पेटी खरवडून घ्या.” मी ऐकले नाही. आत मामांच्या वेळची दोन काळी पोळी होती. ती काढणे म्हणजे मामांना पुसून टाकणे, असे मला वाटले. पंधरवड्याने झाकण उघडले, तर पोळ्यांत मेणपतंगाच्या अळ्यांची जाळी पसरलेली आणि माशी एकही नाही. पोळ्याच्या घरांत पिल्लांच्या प्रत्येक पिढीचे कोश साचत जातात. पोळे काळे पडते, घरे अरुंद होतात, आणि मेणपतंगाची अळी नेमकी त्यावरच पोसते. मी जपले होते ते मोहोळाच्या मुळावर आले.

पुढच्या हिवाळ्यात दुसरे मोहोळ मिळाले. या वेळी जुनी पोळी काढून वितळवली. पेटी खरवडली, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, सांधे-कोपरे ज्योतीने शेकले. कारण रोगाचे जंतू जुन्या लाकडात वर्षानुवर्षे टिकू शकतात. वितळवून गाळलेल्या मेणाचा हलका हात मात्र चौकटींच्या पट्ट्यांवर फिरवला. त्या वासाने माश्यांना घर ओळखीचे वाटते. संध्याकाळी पिल्लांची पोळी केळीच्या सोपटाने चौकटींना बांधली, राणी आत घेतली, आणि दाराला अशी जाळी लावली की कामकरी माशी जाईल, पण राणी अडेल. रात्री साखरेचा पाक ठेवला. काही दिवसांत माश्यांनी पोळी पट्टीला पक्की चिकटवली आणि सोपट कुरतडून बाहेर टाकले.

त्याच सुमारास लिंबायतच्या एका विद्यार्थ्याने निबंधात ‘मधाचा पुडा’ असे लिहिले. पंचवीस वर्षांच्या सवयीने मी त्याखाली लाल रेघ ओढली आणि थांबले. गुजरातीत ‘पूडो’ म्हणजे मधाचे पोळे आणि तव्यावरचे धिरडेही. आपल्या कोकणातही ‘पोळे’ मोहोळातले असते आणि तव्यावरचेही. दोन्ही भाषांना एकाच वस्तूत एकच सारखेपणा दिसला होता. मुलाने फक्त शेजारच्या घरातला शब्द उचलला होता. मी रेघ खोडली, समासात ‘पोळे’ लिहिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दोन्ही शब्दांवर तासभर बोलले.

सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत, उधना-लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. पेटी आहे, माश्याही आहेत. आपण शिक्षकांनी काय खरवडायचे आणि कोणता वास ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे. आजवर मी काळी पोळी राखत बसले, आणि मुले वर्ग सोडून का जातात, असे विचारत राहिले.

आज पेटीत सात पोळी आहेत. त्यांतले मामांचे एकही नाही. झाकणावर त्यांनी खिळ्याने कोरलेला पेटीचा आकडा मात्र मी खरवडलेला नाही.