वाद ऐकला आपण, निकाल सांगितला त्यांनी

(बंगळूरच्या शिवाजीनगर भागात रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)

आपण बसलो आहोत त्या शिवाजीनगरातून विधानसौध पायी अर्ध्या तासावर आहे. पण जुलै २०१९ मध्ये तिथे जो वाद झाला, तो आपण सर्वांनी टीव्हीवरच पाहिला. कोणी पाळी संपवून रनिंग रूममध्ये पाहिला, कोणी टपालाच्या थैल्या रवाना करून हॉटेलात उभ्याउभ्या पाहिला. १८ जुलैला मुख्यमंत्री कुमारस्वामी यांनी विश्वासदर्शक ठराव मांडला. मध्ये शनिवार-रविवार गेला. २३ जुलैच्या संध्याकाळी मतदान झाले, बाजूने ९९ आणि विरोधात १०५. काँग्रेस आणि जनता दल (सेक्युलर) यांचे चौदा महिन्यांचे सरकार पडले.

ते सरकार पडावे की टिकावे, यावर इथे बोलण्यासाठी आम्ही उभे नाही. या सभेत सगळ्या पक्षांना मत देणारे साथी आहेत. आम्हाला बोलायचे आहे ते त्या चार दिवसांच्या रात्रींविषयी. दिवसा सभागृहात वाद चाले आणि रात्री वाहिन्यांवर तज्ज्ञ मंडळी बसत. दिवसा आपण जे ऐकले आणि रात्री आपल्याला जे सांगण्यात आले, त्यांचा मेळ बसत नव्हता.

सभागृहात एक महत्त्वाचा प्रश्न आला होता. बंडखोर आमदारांना हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलैला म्हटले होते. मग पक्षाच्या व्हिपचे काय, असे सिद्धरामय्या यांनी विचारले. साथींनो, हा वकिलांपुरता प्रश्न नव्हे. आपण मत देतो ते पक्षाचे चिन्ह पाहून. निवडून गेलेला माणूस मध्येच राजीनामा देतो, तेव्हा आपल्या मताचे काय होते, असा तो प्रश्न आहे. आपल्याला तर तो घरचाच होता. राजीनामा देणाऱ्यांत शिवाजीनगरचे आमदार रोशन बेगही होते. पुढे अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवले आणि ५ डिसेंबर २०१९ ला याच गल्ल्यांतून पुन्हा मतदान घ्यावे लागले.

रात्रीच्या चर्चांत आम्ही काय ऐकले? मुंबईच्या हॉटेलात किती आमदार आहेत, आज कोणाचा डाव सरस ठरला, पुढचा मुख्यमंत्री कोण. पक्षांतरबंदी कायदा समजावून सांगणारे एखाद-दोन जाणकार होते, नाही असे नाही. त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच दुसरा ओरडायला लागे. राज्याच्या कारभाराचा वाद होता, आणि त्याचे वर्णन चालले होते कुस्तीच्या फडासारखे.

कोणी म्हणेल, पंडित काही का बोलेनात, आमच्या डोक्याला आमचा मेंदू आहे. आम्हालाही तसेच वाटे. पण अमेरिकेतला एक जुना दाखला ऐका. ६ ऑक्टोबर १९७६ ला अध्यक्षपदाचे उमेदवार फोर्ड आणि कार्टर यांचा टीव्हीवर वाद झाला. पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, असे विधान फोर्ड यांनी त्यात केले. वाद संपताच लोकांना विचारले, तर फोर्ड सरस ठरले असे म्हणणारे जास्त निघाले. त्या विधानाचे फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. मग रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांनी, वर्तमानपत्रांनी तेवढेच एक विधान उगाळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तेव्हा कार्टर जिंकले म्हणणारे कितीतरी अधिक झाले. वाद तोच होता. मधल्या काळात लोकांनी पंडितांना ऐकले होते.

फोर्ड यांचे विधान चुकीचे होते, आणि पंडितांनी ते दाखवून दिले यात गैर काही नाही. पण कोणती चूक मोठी आणि कोणती सोडून द्यायची, हे ठरवायची किल्ली त्यांच्या हाती राहते. टपालातल्या साथींना हे लवकर कळेल. पोस्टमन पाकीट जसेच्या तसे हाती देतो. पाकीट फोडून, आत काय लिहिले आहे ते दारातूनच सांगणारा पोस्टमन आपण कामावर ठेवू का? मग रोज रात्री आपल्यापुढे नेमके हेच घडते, ते आपण मुकाट्याने का ऐकतो?

यामागे पैशाचेही गणित आहे. बातमीदाराला खेड्यात, कारखान्यात, लाईनवर पाठवायला खर्च येतो. चार माणसे स्टुडिओत बसवून भांडायला लावणे स्वस्त पडते. भांडण असले की लोक वाहिनी बदलत नाहीत, आणि त्यावर जाहिराती मिळतात. कोण जिंकले हे सांगायला अभ्यास लागत नाही. काय ठरले आणि ते कोणाच्या ताटातून गेले, हे सांगायला मात्र लागतो.

आता आपल्या ताटाकडे येऊ. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या भरतीला जुनी पेन्शन बंद झाली. त्यात रेल्वे आली, टपाल आले. पुढे आंदोलने झाली आणि २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली. ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. दहा वर्षे झालेल्याला किमान १०,००० रुपये. त्या रात्री आम्ही टीव्ही लावून बसलो. सरकारने माघार घेतली का, विरोधकांचा मुद्दा पळवला का, निवडणुकीत फायदा कोणाला, यावर चर्चा रंगली. उशिरा नोकरीला लागलेल्या आणि वीसच वर्षे भरणाऱ्या ट्रॅकमनला किती मिळेल, हे विचारणारा आम्हाला कोणी दिसला नाही. ग्रामीण डाक सेवकाचे नावही कोणी काढले नाही.

बंगळूरच्या उपनगरी रेल्वेचेही तसेच. १४८ किलोमीटरचे चार मार्ग आणि १५,७६७ कोटींचा खर्च. जून २०२२ मध्ये पायाभरणी झाली, तेव्हा ४० महिन्यांत काम पुरे होईल असे सांगण्यात आले. ते ४० महिने ऑक्टोबर २०२५ मध्ये भरले. गाडी आली नाही. कोणत्या नेत्याने भाषणात कोणाला टोला लगावला हे आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे, पण हा चाळिसाचा आकडा किती जणांच्या लक्षात होता?

साथींनो, दोष आपल्या पदरीही घ्यायला हवा. २०१९ च्या त्या चार दिवसांत आम्हीही ड्यूटीवर येऊन पंडितांचीच वाक्ये एकमेकांना ऐकवत होतो. तू कोणाच्या बाजूचा, एवढेच विचारत होतो. दोन साथी तर त्यावरून महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. पुढच्या गेट मीटिंगला दोघेही आले नाहीत. सरकार कोणाचे पडले ते पडले. फूट आपल्या युनियनमध्ये पडली.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. स्टेशन मास्तर ट्रेन रजिस्टरमध्ये गाडीची वेळ गाडी जाताच स्वतः नोंदवतो. दुसऱ्या दिवशी कोणाला विचारून लिहीत नाही. आपणही तसेच करू. विधानसभेतला वाद असो, लोकसभेतला असो की निवडणुकीतल्या उमेदवारांचा, ऐकताना हातात कागद ठेवू. त्यावर तीन रकाने. पहिल्यात आपला प्रश्न: पेन्शन, रिकाम्या जागा, कंत्राटी कामगार, डाक सेवक. दुसऱ्यात त्यावर कोण काय बोलले. कोणीच बोलले नाही तर तसे लिहायचे. तिसरा रकाना सध्या मोकळा ठेवायचा. मतदान झाले, आदेश निघाला, की तो भरायचा. वाद संपताच कागदावर तारीख घालायची, आणि मगच पंडितांना ऐकायचे.

दुसऱ्या दिवशी तो कागद युनियनच्या फलकावर लावा. वेगवेगळ्या पक्षांच्या दोन साथींनी मिळून लिहिला तर फारच उत्तम, कारण मग त्यात कोणाचा डाव सरस हे येणार नाही. दोघांना मान्य असेल तेवढेच येईल. पुढच्या वेळी मत मागायला कोणी आपल्या दारी आला, तर त्याच्यापुढे तो कागद धरा आणि तिसऱ्या रकान्यात काय लिहू, एवढेच विचारा.

पंडितांनी बोलू नये असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी जरूर बोलावे. पण आपल्या आधी नव्हे, आणि आपल्या वतीने तर मुळीच नव्हे.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो!