गौरव नव्हे, हक्क

(गोंदिया येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याच महिन्यात कारगिलच्या शिखरांवर युद्ध पेटले. या युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या हवाई दलातील दोन स्त्रियांनी चीता हेलिकॉप्टरे चालविली. चीता हे हलके, निःशस्त्र यंत्र. विरळ हवेत, शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात ते न्यायचे. रसद पोचवायची, शत्रूची ठाणी हेरायची आणि जखमी जवानांना खाली आणायचे, असे ते काम होते.

२०२० साली गुंजन सक्सेना यांच्यावर चित्रपट निघाला. आपणही त्या युद्धात उड्डाणे केली होती, हे श्रीविद्या राजन यांना तेव्हा जाहीरपणे सांगावे लागले. एकच वीरांगना उभी करावयाची आणि तिच्या सहकाऱ्यांना विसरावयाचे, ही बाजाराची रीतच आहे.

परंतु खरा प्रश्न त्यापुढचा आहे. स्त्री वैमानिकांची नेमणूक अल्प मुदतीची असे. ती मुदत संपताच २००४ साली गुंजन सक्सेना यांची सेवा संपली. युद्धात जी चालते, ती शांततेत कायम का होऊ शकत नाही? हा प्रश्न स्त्री अधिकाऱ्यांनी न्यायालयात नेला. मार्च २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हवाई दल व भूदलातील स्त्रियांच्या बाजूने कौल दिला. भूदलाच्या बाबतीत सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. जवान बहुतांशी ग्रामीण भागातील असतात, स्त्रीची आज्ञा मानण्यास त्यांचे मन अद्याप तयार नाही, असा युक्तिवाद तेथे झाला. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने तो फेटाळला.

साथींनो, हा युक्तिवाद स्त्रियांइतकाच खेड्यांचाही अपमान होता. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. गोंदियाच्या गावागावांत स्त्रिया सरपंचपदाचा कारभार चालवीत आल्या आहेत. आपले मागासलेपण झाकण्यासाठी सत्तेने खेड्याकडे बोट दाखवू नये.

संकटात राबवून घ्यावयाचे आणि हक्काची वेळ आली की नियम दाखवावयाचे, हा व्यवहार सैन्यापुरता नाही. २०२० च्या साथीत आशा सेविकांना योद्धा म्हटले गेले. पण त्यांच्या हाती पडले ते मानधन, कर्मचाऱ्याचा दर्जा नव्हे. तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजूर स्त्रीची गरजही हंगामापुरतीच मानली जाते.

बिरसीच्या धावपट्टीवर उड्डाण शिकणाऱ्या मुलीपासून या मजूर स्त्रीपर्यंत मागणी एकच आहे: कामाला कायमपण, बढतीची समान संधी आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन. सत्कार एका दिवसाचा असतो. हक्क संघटनेच्या बळावर मिळवावे लागतात, आणि मिळाल्यावर राखावेही लागतात.